मुख्य संशोधकाचा रकाना

“बाई, तुम्ही माउसला हात लावू नका. मासळीचा वास लागेल.”

आमचे विभागप्रमुख हे सगळ्यांसमोर बोलले. चंद्रपुरातल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर रूम. संशोधनाचे प्रस्ताव आता कागदावर चालणार नाहीत, इंटरनेटवरूनच पाठवायचे, हे शिकवायला नागपूरहून एक तज्ज्ञ आले होते. वीसेक प्राध्यापक. मी प्राणिशास्त्राची, तासिका तत्त्वावरची. मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. सरांना ते ठाऊक होतं.

सगळे हसले. मीही हसले.

इतकी वर्षं झाली. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना ते हसू मधेच कानात येतं. सरांचं नाही. माझं.

दोन दिवस मी मागं उभी राहून बघितलं. खुर्ची रिकामी होती, तरी उभी. मग बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन शिकले. खातं उघडणं, रकाने भरणं, फाइल जोडणं. माउस सोडला की हात हुंगायची. खरंच हुंगायची.

प्रस्ताव माझा होता. आमच्याकडच्या जुन्या तलावांतून नाहीशा होत चाललेल्या मासोळ्यांचा. बा डोंग्यात बसून सांगायचा, मी वहीत लिहायची. कोणती कुठल्या चिखलात अंडी घालते, कोणती कधीपासून जाळ्यात आलीच नाही. एकदा म्हणाला, “माहं नाव बी टाकजो वं माय त्याच्यात.”

“टाकीन ना, बा.”

त्या हिवाळ्यात बा गेला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरांनी मला बोलावलं. शिबिर करूनही त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नव्हता. “तुमचा विषय चांगला आहे. आपण मिळून पाठवू. बसा.” या वेळी माउस त्यांनीच माझ्याकडे सरकवला. मी नवा पासवर्ड घेऊन त्यांचं खातं उघडून दिलं. ते सांगत गेले, मी भरत गेले. मुख्य संशोधक, सर. माझं नाव टंकलेखन साहाय्यात. मी तेही टाइप केलं.

मजकूर माझ्या फ्लॉपीत होता. जोडण्याआधी सरांनी तो वाचला. शेवटच्या पानावर बाचं नाव होतं.

“हे काढा. अडाणी माणसाचं नाव? वरचे लोक हसतील.”

मी फ्लॉपी काढली. उभी राहिले.

“नाई.”

“काय?”

“नाई पाठवत, सर. हे माह्या बाचं हाय.”

शुद्ध बोलायला मी किती वर्षं जीभ घासली होती. त्या घडीला तोंडातून घरचीच भाषा आली.

“जूनमध्ये तास मिळणार नाहीत. लक्षात ठेवा.”

“ठेवीन.”

नाही मिळाले. त्या वर्षी प्रस्तावही गेला नाही, ना त्यांच्या नावानं ना माझ्या. पुढं मी तो स्वतःच्या खात्यातून पाठवला, बाच्या नावासकट. नामंजूर झाला. वहीतल्या काही मासोळ्या आता तलावात कुणालाच सापडत नाहीत. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी वर्गात त्यांची नावं आठवतात, आणि मी बोलता बोलता थांबते.

आता मी गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात आहे. इथं प्रस्ताव पाठवायला मीच शिकवते. तासिकेवरची कुणी पोर आली की आधी तिला खुर्चीत बसवते, तिचं स्वतःचं खातं उघडायला लावते, आणि सांगते, “दुसऱ्याच्या खात्यात आपला एक शब्द टाकायचा नाई.” प्राचार्य याला भडकावणं म्हणतात.

म्हणोत. मी भडकावतेच आहे.