पास्कूभाऊंची शुक्रवारची सहल

पास्कूभाऊ पहिल्यांदा भेटले त्या दिवशी त्यांनी आधी मला आणि मग माझ्या बायकोला ‘लव्ह’ म्हटलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आम्ही नुकतेच बहरीनला उतरलो होतो आणि कंपनीची गाडी आम्हाला मनामातल्या फ्लॅटवर सोडायला आली होती. मी ट्रंक आत ढकलत असताना ड्रायव्हरच्या जागेवरचं टक्कल मागे वळलं आणि मराठीत म्हणालं, “ये लव्ह, पाय पूस आणि बस. वाळू आत आणायची नाही.” मी निमूट पाय पुसले. माझ्यामागून शालिनी चढली. तिलाही तेच. “ये लव्ह, तू खिडकीकडं बस. समुद्र दिसेल.” ती बसली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “हा मनुष्य शुद्धीवर आहे ना?”

शुद्धीवर होता. पास्कू तुस्कानो, राहणार वसई. तरुणपणी जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागले, इंग्लंडच्या उत्तरेला एका बंदरात उतरले आणि परत जहाजावर चढलेच नाहीत. यॉर्कशायरमधल्या एका गिरण्यांच्या गावात आर्थर नावाच्या म्हाताऱ्याचा सहलीच्या गाड्यांचा घरगुती धंदा होता. तिथं त्यांनी आधी गाड्या धुतल्या, मग दुरुस्त केल्या, मग चालवल्या. त्या भागात ड्रायव्हर, दुकानदार, पोस्टमन सगळेच समोरच्याला लव्ह म्हणतात, बाई असो की बाप्या. “मला पहिल्याच दिवशी एका मिशाळ ड्रायव्हरनं लव्ह म्हटलं,” पास्कूभाऊ सांगायचे. “मी स्पॅनर घेऊन उभा राहिलो. मग कळलं, हे आपल्या ‘अरे बाबा’सारखं आहे.” बहरीनला येईपर्यंत त्यांची ती सवय पक्की झाली होती. आमच्या कंपनीचे मालक अबू खालिद यांनाही ते लव्ह म्हणत. अबू खालिदांनी त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

गाडीला बस म्हटलेलं त्यांना खपत नसे. “बस कामाला जायला. हा कोच आहे. कोचमध्ये माणूस हौसेनं बसतो.” खरं तर आमचा कोच आठवड्याचे सहा दिवस हॉस्पिटलच्या नर्सेस आणि हॉटेलांतली माणसं ड्यूटीवर ने-आण करायचा. पण ते मी बोलत नसे. मरून आणि क्रीम रंगाचा, गोल खांद्यांचा, पितळी दांड्यांचा तो कोच म्हाताऱ्या आर्थरचाच होता. आर्थरनं धंदा मोठ्या कंपनीला विकला, नव्या मालकांना जुन्या गाड्या नको होत्या, आणि इकडं अबू खालिदांना हॉस्पिटलचं कंत्राट मिळालं होतं पण गाडी नव्हती. “कोच बोटीनं आला, मी विमानानं,” पास्कूभाऊ म्हणत. “त्याला कस्टमची ड्यूटी लागली, मला व्हिसा. दोघांचे कागद एकाच फायलीत.”

कोच आला तेव्हा त्याचं दार डावीकडे होतं, कारण इंग्लंडात वाहतूक डावीकडून. बहरीनमध्ये ती उजवीकडून. म्हणजे उतरणारा माणूस थेट चालत्या मोटारींत. पास्कूभाऊंनी मुहर्रकला जाऊन जासिम नावाचा सुतार गाठला. हा लाकडी गलबतं बांधणारा. त्यानं डावं दार बंद करून उजवीकडे, ड्रायव्हरच्या पाठीमागे, नवीन दार काढून दिलं. त्यानंतर दर हिवाळ्यात जासिम येऊन कोचमध्ये काही ना काही बदलून जायचा. मी कंपनीचा अकाउंटंट. त्याची बिलं मी ‘लाकूडकाम’ म्हणून मंजूर करायचो. आत जाऊन पाहण्याचं मला कधी सुचलं नाही.

पास्कूभाऊंची खरी ओळख शुक्रवारी व्हायची. शुक्रवारी कोच मोकळा असे आणि अबू खालिदांच्या परवानगीनं ते सहल काढत. सहल कुठं जाणार हे कोणालाही सांगायचं नाही, ही अट. याला ते ‘मिस्टरी टूर’ म्हणत. त्यांच्या त्या गावात अशा सहली निघायच्या. गिरण्यांना सुट्टी लागली की सगळं गाव कोचमध्ये बसून समुद्रावर जायचं, आणि एरवी रविवारी दुपारी म्हाताऱ्या बाया गोळ्या-चॉकलेटांच्या पुड्या घेऊन मिस्टरी टूरला यायच्या. “कुठं जायचं ते कळलं की माणूस आधीच मनानं पोचतो,” ते म्हणत. “मग मी नुसता त्याचं सामान नेतो.”

आता बहरीन हे केवढं बेट. ज्या दिशेला जावं तिकडं थोड्या वेळात समुद्र. मी पहिल्याच शुक्रवारी म्हटलं, “पास्कूभाऊ, इथं मिस्टरी कसली?”

“तू मागं बस, देवधर. हिशोब करू नकोस.”

आणि गंमत म्हणजे कळायचं नाही. झल्लाकच्या किनाऱ्याकडं निघालो असं वाटावं तर रिफाला वळसा घालून आम्ही आली नावाच्या गावी कुंभारांकडे उतरायचो. सखीर तेव्हा नुसतं वाळवंट होतं. तिथं एका काटेरी झुडपाच्या सावलीला चहा व्हायचा आणि वसईच्या नर्सेस गाणी म्हणायच्या. माणसं पैजा लावत. पास्कूभाऊ आरशातून आमची तोंडं पाहत आणि बहुमत जिकडे झुकलं असेल तिकडची वाट सोडत. या सहलीसाठी ते टाय लावायचे, मे महिन्यातसुद्धा. आर्थरचा नियम होता म्हणे. इंजिन तापलं की खाली उतरून, टाय खांद्यावर टाकून, रेडिएटरला पाणी पाजायचे.

एकदा हमद टाउनचं बांधकाम चालू असताना ते आम्हाला तिथं घेऊन गेले. रिकामी, एकसारखी घरं आणि एकामागून एक गोल चौक. एक चौक झाला, दुसरा झाला, आणि मला तीच सिमेंटची गाडी परत दिसली. थोड्या वेळानं पुन्हा.

शालिनीनं पुढं जाऊन विचारलं, “पास्कूभाऊ, हरवलात ना?”

“हरवलो कसा? मिस्टरी आहे, लव्ह.”

“मग घाम का आलाय?”

“टायमुळं.”

शेवटी एका मजुरानं हात करून वाट दाखवली. पास्कूभाऊंनी त्याला गाडीत घेऊन चहा पाजला आणि आम्हाला सांगितलं की हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

एकदा मात्र त्यांचा अंदाज चुकला. त्यांनी कोच विमानतळाच्या कुंपणापाशी उभा केला. विमानं बघू, मुलांना मजा वाटेल, एवढाच हेतू. मुंबईचं विमान उडालं आणि गाडीतल्या अर्ध्या बायका रडायला लागल्या. शालिनीही. पास्कूभाऊंनी इंजिन चालू केलं आणि सरळ उसाच्या रसाच्या दुकानावर नेलं. त्यानंतर ती जागा त्यांनी कायमची सोडली. विमानतळाच्या नुसत्या दिशेलाही ते शुक्रवारी जात नसत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हॉस्पिटलनं कळवलं की पुढच्या कंत्राटाला एअरकंडिशन गाड्याच हव्यात. अबू खालिदांनी नव्या जपानी गाड्या मागवल्या. माझ्या हिशोबात कोचची किंमत केव्हाच संपली होती. भंगारवाला येऊन पाहून गेला. पास्कूभाऊंनी अबू खालिदांकडे थोडी मुदत मागितली आणि आर्थरच्या मुलीला पत्र टाकलं. म्हातारा वारला होता. पण तिनं कळवलं की आता तिकडं काही हौशी लोक जुने कोच शोधून, पैसे जमवून परत आणतात आणि जपतात. त्यांच्यातले रॉय नावाचे एक गृहस्थ पूर्वेकडे जाताना बहरीनला उतरतील आणि कोच पाहतील.

त्या आठवड्यात पास्कूभाऊंनी कोच एवढा घासला की मी म्हटलं, रंग निघेल.

“निघू दे. खाली आर्थरचाच रंग आहे.”

रॉय आले. माझ्याच वयाचे, उन्हानं लाल झालेले. यार्डात कोच दिसताच ते थांबले. मग आत चढले, डावीकडच्या तिसऱ्या सीटवर जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. लहानपणी याच कोचमधून ते आईवडिलांबरोबर समुद्रावर जायचे. नंतर ते आणि पास्कूभाऊ पायरीवर बसून बोलायला लागले. कुठल्या गावच्या कोणाचे कोच हिरवे, टेकडीपलीकडचे निळे कोणाचे, चढावर कोण वाट देत नसे, कोणाच्या ड्रायव्हरनं प्रवाशांना समुद्रावर विसरून रिकामी गाडी परत आणली. दोघं इतके हसत होते की अबू खालिदांनी मला विचारलं, “हे नातेवाईक आहेत का?”

मग रॉय उठले आणि कामाचं बोलले. दार बदललं आहे ते दिसतंच आहे, ते परत डावीकडे बसवता येईल. इथं बसवलेले पंखे, पांढरं रंगवलेलं छत, अरबी अक्षरं काढता येतील. पण सांगाडा? त्या काळच्या कोचचा सांगाडा लाकडी असतो, वर नुसता पत्रा. तो मूळचा असला तरच त्यांची मंडळी नेण्याचा खर्च करणार होती. “सांगाडा आर्थरचा आहे ना?” त्यांनी विचारलं.

पत्र्याच्या आतलं काहीच दिसत नव्हतं. अबू खालिद हलकेच म्हणाले, “यल्ला पास्कू, हो म्हण.” मीही मान हलवली, हे मी लपवणार नाही.

पास्कूभाऊंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खिडकीखालचा पत्रा सोडवला आणि बाजूला धरला. आत काळसर, तेलकट सागवान होतं. गलबताला मारतात तसे जाड खिळे. इंग्लंडचं लाकूड खाऱ्या हवेत भुसभुशीत होत गेलं होतं आणि दर हिवाळ्यात जासिमनं एकेक खांब काढून तिथं मलबारहून आलेला साग बसवला होता.

“एवढाच भाग बदललाय?” रॉयनी विचारलं.

“ही बाजू सगळी. त्या बाजूचा बराचसा. खालची जमीनही.”

रॉयनी लाकडावर बोटं टेकवली. म्हणाले, काम फार सुरेख आहे, आमच्याकडे एवढं चांगलं कधी झालं नसेल. पण मी ज्यासाठी आलो ते हे नाही. त्यांनी पास्कूभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग गेले.

मी फार चिडलो. “पास्कूभाऊ, गप्प बसला असतात तर कोच वाचला असता.”

ते पत्रा परत बसवत होते. “तो पोरगा आईबापाबरोबर बसायचा त्या गाडीसाठी आला होता, देवधर. ती मी आणि जासिमनं थोडी थोडी करून काढून टाकली. आता ती आहे म्हणून त्याच्या गळ्यात कशी मारू?”

“मग ही कोणती आहे?”

“ही इथली आहे. हिला तिथं कोण ओळखतंय?”

“आता भंगारात जाईल.”

“जाईल,” ते म्हणाले. “तो स्क्रू दे इकडं.”

भंगारवाल्याच्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. पत्रे स्वतः उतरवले. साग जासिम घेऊन गेला, त्याच्याकडे एक गलबत बांधायला घेतलेलं होतं. लोखंड आणि इंजिन भंगारवाल्याकडे गेलं. पास्कूभाऊ नव्या गाडीवर ड्यूटी करू लागले. दीड वर्षानं ते वसईला परतले आणि काही वर्षांनी तिथंच वारले. पण कोच मोडल्यानंतरचा पहिला शुक्रवार सांगायला हवा.

नव्या गाड्या सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायला अबू खालिदांची मनाई होती. तरी सवयीनं आम्ही सगळे डबे घेऊन नेहमीच्या कोपऱ्यावर जमलो. पास्कूभाऊ आले, टाय लावून. म्हणाले, “चला.” आणि आम्हाला चालवत मनामाच्या बसस्टँडवर घेऊन गेले. तिथं हमद टाउनची सरकारी बस लागली होती. पुढच्या पाटीवर हमद टाउन असं ठळक लिहिलेलं. सगळ्यांनी पाटी पाहिली.

चढताना शालिनीनं विचारलं, “आज कुठं?”

“मागं जाऊन बसा, लव्ह.”

मागच्या बाकांवर पैजा लागल्या. एक नर्स म्हणाली झल्लाक, दुसरी म्हणाली रिफा. मी सखीर म्हटलं. पास्कूभाऊ शालिनीशेजारी, खिडकीपाशी बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रवाशाच्या जागेवर पाहिलं नव्हतं. आधी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. इसा टाउन गेल्यावर तो थांबला. मग मान कलली आणि तोंड किंचित उघडं ठेवून ते गाढ झोपले. आमची कुजबुजही थांबली.

हमद टाउनचा शेवटचा थांबा आला. ड्रायव्हर बहरीनी होता. तो मागे वळून म्हणाला, “खलास. सब उतरो.”

कोणी उठलं नाही. शालिनी पास्कूभाऊंना धक्का लागणार नाही अशी सावकाश उठली, पुढं गेली आणि आपल्या हिंदीत म्हणाली, “भैया, ये बस वापस जाती है ना? हम बैठते हैं. उनको मत उठाओ.”

त्यानं आरशात पाहिलं. “टिकट फिर से लगेगा. सबका.”

आम्ही सगळ्यांनी परत तिकिटं काढली. पास्कूभाऊंचं शालिनीनं काढलं.