दांडीवरची पर्सिमॉन

धाकट्या दिरांनी हिमाचलातून येताना पेटीभर पर्सिमॉन नावाची फळं आणली. दिसायला पिवळ्या टोमॅटोसारखी. मी हौसेने एक चावलं आणि तुरटपणाने जीभ अशी आखडली की चिडून अख्खी पेटी कचऱ्यात टाकायला निघाले. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"कच्ची हायेत म्हणून तुरट लागत्यात. वाळवू की. फळ परकं असलं तरी ऊन आपलंच हाय."

भवानी पेठेत त्यांचा जन्म कापड विणण्याच्या मागावर गेला. मी मोबाइलवर कृती शोधेपर्यंत त्यांनी फळं सोलून, देठांना सूत बांधून गच्चीतल्या दांडीवर माळ टांगलीसुद्धा. माश्या बसू नयेत म्हणून वरून जुनी नायलॉनची साडी. त्यांची एकही गाठ सुटली नाही. रोज उन्हं उतरली की माळ घरात यायची आणि त्या एकेक फळ अंगठ्याने हलकेच दाबून बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "झाली."

खरंच झाली होती. खजुरासारखी मऊ, गोड, तुरटपणा पार गेलेला. मी उभ्या उभ्या तीन खाल्ली.

"न चाखता कसं कळलं हो तुम्हाला?"

त्यांनी नुसता अंगठा पुढे केला. शुगरमुळे डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलंय, हे मी खाण्याच्या नादात विसरूनच गेले होते.

उरलेली फळं बरणीत भरून त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कसं लागतंय, ते सांग तरी."