लातूरकरांना हॉकी दाखवायला गेलो तेव्हा

नांदेडला मी ज्या तेलाच्या कारखान्यात कारकून होतो, त्या कारखान्याचा स्वतःचा हॉकी संघ होता. संघातल्या खेळाडूंना पगार मिळायचा तो खेळण्याचाच. हजेरीपटावर कोणी फिटर होता, कोणी टाइमकीपर, पण मशीनजवळ त्यांना कधी कोणी पाहिलं नव्हतं. सकाळी धावायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी खेळायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो हेवा लपवण्यासाठी मी त्यांच्याशी फार अदबीने बोलायचो.

मी मुखेडकडच्या एका खेड्यातला, घराण्यातला पहिला बी.ए. ही गोष्ट मी कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी संघाच्या प्रचाराचं काम माझ्याकडे दिलं. हॉकीची स्टिक मी तोवर हातात धरलेली नव्हती. पण छापील कागदावर माझी श्रद्धा अपार होती. मी खेळाची नियमावली मिळवली आणि परीक्षेला बसायचं असल्यासारखी पाठ केली.

त्या वर्षी पावसाने दुसऱ्यांदा दगा दिला होता. मालकांनी खर्च कमी करायला काढला आणि पहिली नजर संघावर गेली. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"नांदेडात आपल्या संघाला सगळे ओळखतात. पण आपलं तेल विकतं कुठं? लातूर, उदगीर, धर्माबाद, हिमायतनगर. तिथं संघाचं नावही कोणाला ठाऊक नाही. मालक म्हणतात, लातूरला एक सामना करून बघा. लोक आले तर संघ ठेवू. नाही आले तर हा हंगाम शेवटचा."

ही बातमी संघाला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. बाकीचे तरुण होते, त्यांनी खांदे उडवले. गोलकीपर मात्र चाळिशीला आलेला, दोन्ही गुडघ्यांना कायम पट्ट्या. संघ गेला की त्याची नोकरी गेली, हे त्याला माझ्याआधी कळलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "मला बॉल अडवायला येतं. दुसरं काय बी येत न्हाई. लातूरला माणसं आणा तेवढी."

मी आणतो म्हणालो. कशी आणणार, याचा मला पत्ता नव्हता.

आठ दिवस आधी मी एसटीने लातूरला गेलो. बगलेत जाहिरातींची गुंडाळी आणि डोक्यात भाषण. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका किराणा दुकानाची भिंत मला फार पसंत पडली. दुकानात कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले एक अप्पा बसले होते. मी जाहिरात पसरून दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला.

"नांदेडचा संघ हाय म्हणता. मग नांदेडात लावा की हे."

"अप्पा, खेळाला जिल्हा नसतो. आपण सगळे मराठवाड्याचे."

"तसं न्हाई. आताशी कुठं आमचा जिल्हा झालाय. कलेक्टर बसलाय इथं. अन् आम्ही मैदानात जाऊन तुमच्या पोरांला टाळ्या वाजवाव्या?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मी भाषण आवरलं. खरं तर याच मुद्द्यावर मी घरी दोन पानं लिहून ठेवली होती, पण ती वाचायची हिंमत झाली नाही.

"मग लातूरचा संघ उतरवतो आमच्यासमोर," मी बोलून गेलो. "कॉलेजच्या पोरांचा."

अप्पांनी चष्मा परत लावला. "पडले तर?"

"खेळात हारजीत..."

"ते सोडा. एक तरी गोल घालतील का, ते सांगा."

मी नियमावलीतलं काहीतरी सांगितलं. अप्पांनी जाहिरात घेतली आणि तराजूच्या मागे चिकटवली, जिथे ती फक्त त्यांनाच दिसेल. तरी मी त्यांचे आभार मानले. कॉलेजात जाऊन पोरं जमवली. त्यातली पाचजण हॉकी खेळायची, बाकीची क्रिकेटची होती, पण धावायची भरपूर.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. नियमावलीत छापलेलं होतं की मुरमाच्या मैदानावर सामन्याआधी पाणी मारून रोलर फिरवावा. लातूरचं मैदान मी पाहिलं होतं. चालताना बुटावर पांढरी पूड चढायची. लातूरला पाणी मागायची सोय नव्हती, म्हणून मी कारखान्याच्या बागेचा टँकर मागितला. साहेबांनी सही केली. टँकर नांदेडहून भरून, लोहा-अहमदपूर करत, संघाच्या गाडीच्या पुढे चार तास निघाला. दीडशे किलोमीटरच्या आसपास पाणी नेऊन ते जमिनीवर ओतायचं, यात काही चुकतं आहे असं मला एका क्षणालाही वाटलं नाही. छापलेलं होतं ना.

सामना रविवारी दुपारी होता. रेषा मारायची फक्की सायकलच्या कॅरियरला बांधून मी मैदानावर पोचलो आणि थबकलो. मैदान भरलं होतं. बाया, म्हातारे, पोरीबाळी. चार दिवस लाऊडस्पीकरवरून घसा फोडल्याचं सार्थक झालं, असं वाटून मी एकदोघांना हात जोडून नमस्कारही केला.

मग भांडी दिसली. टँकरपासून सुरू झालेली घागरी, हंडे, डबे, कॅन यांची रांग मैदानाच्या एका कडेने थेट दुसऱ्या गोलपर्यंत गेली होती. फक्की मारायची गरजच नव्हती, साइडलाइन तयार होती.

मी टँकरजवळ गेलो आणि नळीला हात घातला.

"ए, नंबर लाव!" एक म्हातारी ओरडली. "बाराधरनं बसलोत आम्ही. तू कोण मधीच?"

"मावशी, हे पाणी प्यायचं नाही. मैदानासाठी आहे."

मग म्हातारीने विचारलं, "मैदान पाणी पितंय व्हय?"

"पितंय," मागून कोणी तरी म्हणालं. "शिकलेलं मैदान असंल."

बाया खो खो हसल्या. मी समजावायला लागलो की धूळ उडू नये म्हणून, नियम असा आहे, वगैरे. म्हातारीने मला आपादमस्तक पाहिलं.

"कुठल्या गावचा रे तू?"

"मुखेडकडचा."

"तिकडं लई पाणी दिसतंय यंदा."

माझ्या गावात माझी आई त्याच महिन्यात नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून वाटीवाटीने पाणी भरत होती. मी दर रविवारी घरी जायचो, ते पाणी प्यायचो, आणि सोमवारी येऊन मैदानासाठी टँकरचा अर्ज लिहिला होता. सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

तेवढ्यात संघाची गाडी आली. गोलकीपरने रांग पाहिली, टँकर पाहिला, माझ्या हातातली नळी पाहिली. काही न विचारता त्याने ती माझ्याकडून घेतली आणि म्हातारीच्या घागरीत सोडली.

"बाबूजी, आपण सुक्यावर खेळू," तो म्हणाला.

सामना सुरू झाला तेव्हा साहेबांची जीप आली. गर्दी बघून त्यांचे डोळे चमकले. "शाब्बास!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी निमूटपणे घेतली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण धूळ आत गेली म्हणून मिटलं, अशी मी माझी समजूत घातली.

पहिल्या अर्ध्यात आमच्या संघाने चार गोल केले. लोक नंबर सरकेल तसे भांडं पुढे सरकवत आणि मधल्या वेळात खेळ बघत. लातूरचा एकेक पोरगा पळाला की ओरडा व्हायचा. आमच्या लोकांना तर नुसत्या शिव्या होत्या. "ए नांदेड! बॉल सोड की, दुसऱ्याला बी खेळू दे!"

मध्यंतराला टँकर रिकामा झाला. दुसरा अर्ध सुरू होईतो बाया डोक्यावर घागरी घेऊन निघाल्या. बघता बघता मैदान विरळ झालं. साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे कुठं चालले?"

"घरी," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. टँकर, नियमावली, रांग. सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो. लांब आमचा गोलकीपर गोलमध्ये उभा राहून जाणाऱ्या गर्दीकडे बघत होता.

उरले ते पन्नास-साठजण असतील. त्यांत आमची म्हातारी होती, भरलेली घागर कमरेवर धरून. तिची सून ओढत होती, "आत्या, चला की." म्हातारी म्हणाली, "थांब गं. ह्या गोलवाल्यावर एक बसणार हाय आता. बसल्याबिगर मी हलायची न्हाई." बाजूला किराणावाले अप्पा उभे. दुकान पोराच्या हवाली करून आले होते.

आणि बसला. शेवटच्या काही मिनिटांत कॉलेजच्या एका पोराने आंधळेपणाने स्टिक फिरवली. गोलसमोर धुळीचा लोट उठला होता. चेंडू गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला. तो गुडघ्यावर बसला, डोळे चोळत. पन्नास-साठ माणसांनी जो आवाज केला, तो मघाच्या सगळ्या गर्दीनेही केला नव्हता. अप्पांनी टोपी काढून हवेत फेकली. सामना आम्ही जिंकल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अप्पा थेट साहेबांकडे आले.

"परत कधी येता?"

साहेब म्हणाले, "अजून ठरलं नाही."

"ठरलं न्हाई कसं? पोरं शिकून राहिलीत. पुढल्या बारीला दोन घालतील. तारीख सांगून जा."

"अन् तोच गोलवाला आणा," म्हातारी मागून म्हणाली. "दुसरा चालायचा न्हाई."

साहेबांनी उरलेली माणसं नजरेने मोजली. मग मला म्हणाले, "पाण्याला आले ते गेले. हे राहिलेत. मालकांना एवढं सांगायला पुरे." आणि अप्पांना त्यांनी पुढच्या महिन्यातला रविवार दिला. टँकरही आणू, पण तो प्यायला, असं माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी धावत गाडीकडे गेलो. गोलकीपर पायरीवर बसून ओल्या फडक्याने डोळे पुसत होता.

"संघ राहिला!" मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात परत इथंच. खास तुम्हाला बोलावलंय."

"बरं झालं," तो म्हणाला. फडकं खाली घेतलं. "बाबूजी, तो गोल मी सोडला असं तर कोणी म्हणत न्हाई ना? मला बॉल दिसलाच न्हाई. खरंच दिसला न्हाई."

"नाही, कोणी म्हणत नाही."

"मग दिलानं सांगा, माझ्या जागी तुम्ही सोडला असता का तो?"

मी उभ्या आयुष्यात एक चेंडू अडवला नव्हता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, सोडला नसता. तो पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, तुम्हाला तर दिसला असता तरी अडवता आला नसता.