निळ्या दाव्याचा रकाना

कसबा बावड्यात आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. दर आठवड्याला मी जनावरांच्या बाजारात जाते, म्हशी, गाई, शेळ्या-मेंढ्यांचे भाव वहीत उतरवते आणि परत आल्यावर दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिते. पेंड न्यायला आलेली माणसं आधी फळा वाचतात, मग पोत्याला हात लावतात.

गेल्या वर्षी आम्ही आमच्या दोन म्हशींपैकी थोरली विकली. सासूबाईंचे गुडघे गेले होते, दोघींचं शेणघाण होईना. धाकटी गाभण होती, ती ठेवायची ठरली. मी यादी केली: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, डॉक्टरांचा दाखला, टेम्पो, बादली. शेवटची ओळ सासूबाईंनी सांगितली.

"दावं माघारी आण. जनावर जाऊ दे, दावं जाऊ द्यायचं न्हाय. गोठा मोकळा हुतोय."

आमच्याकडं हे सगळेच पाळतात. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा स्वतःचं घेऊन येतो. आमचं दावं तर सासूबाईंनी जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या करून स्वतः वळलेलं होतं, मधे एक तांबडा पदर घालून.

सौदा पटकन झाला. व्यापारी बोलका होता, पण दावं आणायला विसरला होता. म्हैस टेम्पोत चढेना, मागं गाड्या खोळंबल्या. यादीतल्या शेवटच्या ओळीवर मी सकाळीच खूण करून टाकली होती. काम व्हायच्या आधी खूण करायची माझी जुनी खोड आहे.

"न्या तसंच," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा सासूबाई खुंटीपाशी हात पुढं करून उभ्या होत्या. माझे हात रिकामे बघून त्यांनी आपला हात पदराला पुसला.

"आता धाकटीचं कसं हुतंय बघ," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून धाकटी गव्हाणीकडं पाठ करून उभी राहू लागली. तोंड रिकाम्या खुंटीकडं. वैरण तशीच पडून. डॉक्टर म्हणाले, जोडीदारीण गेली की असं होतं. मलाही ते पटलं.

पुढच्या बाजारात मी वही घेऊन फिरत होते, आणि निळं दावं दिसलं. त्याच व्यापाऱ्याच्या गाईच्या गळ्यात.

"आमचं दावं द्या. त्याच्या बदल्यात नवं नायलॉनचं आणलंय," मी म्हणाले.

"आवो वैनी, दिलेलं दावं कोण माघारी मागतंय व्हय? आणि म्या दिलं तर माझा धंदा मोकळा हुईल की! तुमचीच रीत हाय न्हवं ही?" तो आणि शेजारचे दोघं मोठ्यानं हसले. मी नायलॉनचं दावं पिशवीत परत ठेवलं. रीत बरोबरच होती.

गाय पडत्या भावात गेली. मी नोंद केली आणि सवयीनं शेजारी एक रकाना आखला: निळं दावं.

त्यानंतरच्या आठवड्यात दाव्यात कालवड होती. मग शेळी. दर वेळी फासा आवळून बारीक केलेला, आणि दर वेळी त्या दिवसाचा सगळ्यात कमी भाव त्याच जनावराला. दोन गोष्टी शेजारी लिहिल्या की दिसतात. लिहिल्या नसत्या तर मला कळलंही नसतं. व्यापाऱ्याचं हसणं शेळीच्या आठवड्यातच बंद झालं होतं. पाचव्या बाजारात त्याच्याकडं एकच जनावर होतं, एक कोकरू. त्यानं मान वर केली नाही.

"ह्ये एवढं जाऊ द्या वैनी. फुडल्या बाजारी दावं तुमचं तुम्ही न्या."

पुढच्या बाजारी तो आलाच नाही. त्याच्या जागेवर मेख होती, आणि मेखेला निळं दावं. दुसऱ्या टोकाला जनावर नव्हतं. एवढ्या गर्दीत तेवढी जागा मोकळी होती. माणसं, जनावरं, सगळी वळसा घालून जात होती.

"कुणी बांधलं हे?" मी शेजारच्याला विचारलं.

"काय की. म्या आलो तवा हुतंच."

फासा सुटलेला नव्हता. गाठ पक्की होती, आणि त्यात माझं मनगट जेमतेम जाईल एवढीच जागा. मी दावं पिशवीत टाकलं. त्या दिवशी भाव उतरवायचे राहिले.

सासूबाईंनी ते खुंटीला अडकवलं. धाकटी वळली आणि कितीतरी दिवसांनी गव्हाणीत तोंड घातलं. सासूबाई मात्र फाशाकडं बघत राहिल्या. गाठ सोडायला गेल्या, सुटेना.

"ही कुणाच्या मापाची गाठ हाय गं? कोकराची मानबी जायाची न्हाय ह्यातनं."

मी म्हणाले, "आत्याबाई, आलं ना माघारी? झालं तर मग."

आठवड्याभरात धाकटी व्यायला झाली आणि अडली. दुपार कलली तरी रेडकाचे पुढचे पाय तेवढे बाहेर. डॉक्टर आले, बाह्या सारल्या, म्हणाले, "मऊ दोरी द्या, ओढून काढावं लागेल. नायलॉन नको."

घरात मऊ दोरी एकच होती. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग ती खुंटीवरून काढून दिली. मी फासा सैल करायला पुढं झाले.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "पायात बरोबर बसतोय."

तिघांनी ओढलं. रेडी झाली, जिवंत. तासाभरात उभी राहिली. धाकटी तिला चाटत होती. गाठ तेव्हा आपोआप सैल झाली, सासूबाईंच्या नुसत्या बोटानं सुटली.

वहीतला तो रकाना मी अजून बंद केलेला नाही. म्हैस, गाय, कालवड, शेळी, कोकरू आणि खाली रेडी. तिच्यापुढं भावाची जागा कोरी आहे. बाजारात मी अजूनही दर आठवड्याला जाते, फळा भरते. रेडीचा भाव तेवढा लिहीत नाही. कुणी विचारलंच तर सांगते, आज रेड्या आल्या नव्हत्या.