काठीवाल्या म्हातारीवर बंदी

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांना काचा बसवून डोळे शिणलेले असत, तरी रविवारी पंचबाई जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये हजर असायच्या. तिथे मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा भरे. प्रत्येकाने एक लढवय्या निवडायचा आणि समोरच्याला लोळवायचं. वाद झाला की शेवटचा शब्द बाईंचा.

यंदा वाद एकच होता, खेळातल्या काठीवाल्या म्हातारीचा. तिची काठी एकदा लागायला लागली की समोरच्याला हलताच येत नसे.

"बाई, हिला हाकला. म्हातारी कसली, चेटकीण आहे," दर रविवारी खेळायला येणारा न्हावी म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मागून कोणीतरी बोललं.

बाईंचा धाकटा भाऊ कोपऱ्यात बसला होता. लग्न मोडल्यापासून तो घराबाहेर पडायचा तो फक्त इथे यायला, आणि खेळायचा फक्त म्हातारी घेऊन. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बाईंकडे कोणी बघत नव्हतं.

या मंडळींची एक रीत होती. ज्याला बंदी हवी, त्याने त्याच लढवय्याला घेऊन एक संध्याकाळ सगळ्यांशी खेळायचं. हरला तर तक्रार फेटाळली जाई, जिंकला तर खरी धरत. न्हाव्याने म्हातारीला कधी हात लावला नव्हता, तरी त्याने एकेकाला लोळवलं. शेवटी त्याचाच चेहरा उतरला.

"मी काही केलं नाही हो," तो पुटपुटला. "नुसतं एकच बटण दाबत बसलो."

आता डोळेझाक करायची सोय राहिली नव्हती. पुन्हा खोलीचं दार लावून बसलेला भाऊ, दाराबाहेर गार होत चाललेलं ताट, हे सगळं बाईंना लख्ख दिसलं. तरी खुर्चीवरून न उठताच त्यांनी निकाल दिला.

"पुढच्या रविवारपासून म्हातारी बंद."

घरी जाताना भाऊ दोन पावलं पुढे चालत राहिला. जिन्यात थांबला.

"मलाच आधी सांगायचंस ना, ताई."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी ऐकलं असतं."

तो दारापाशी जाऊन खिशात किल्ली चाचपू लागला. बाईंना वाटलं, झालं, हा आता आत जाऊन कडी लावणार.

"खेळातला तो बुटका कुस्तीगीर कसा आहे गं?" त्याने विचारलं.

"संथ आहे. सुरुवातीला मार खाशील."

"खाईन," तो म्हणाला, आणि दार उघडून त्याने आधी बाईंना आत जाऊ दिलं.