भुऱ्याचं पथ्य

नालवाडीत नत्थूजींच्या किराणा दुकानापेक्षा त्यांच्या बोक्याचाच बोलबाला जास्त. भुऱ्या त्याचं नाव. पोरबाळ नसलेल्या घरात नऊ वर्षं दूधभातावर, वरून साखर भुरभुरून वाढलेला. असे लाड जिवावर उठतात, पण तेव्हा कोणाला काय ठाऊक!

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात भुऱ्या सारखं पाणी पिऊ लागला आणि खाऊनही खंगत चालला. वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. साखरेचा आजार! नत्थूजींनाही तोच, हसावं की रडावं त्यांना कळेना.

"दूधभातानं याची साखर चढते," डॉक्टर म्हणाला. "मांजराले मांस, मासळी, अंडी पायजे. पण ते सुरू करायच्या पहिले मले सांगजा. खाणं बदललं की साखर उतरते. मंग इन्सुलिनचं इंजेक्शन तेवढंच ठेवलं तर साखर पार घसरून जीव जाईन त्याचा."

नत्थूजींच्या बायकोनं, विमलाबाईंनी, कानांवर हात ठेवले. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. "ते जमणार नाई, डॉक्टरसाहेब. दूधभातावर जेवढी सुई लागते तेवढी देईन मी." नवऱ्याला त्याच रोज इन्सुलिन टोचायच्या, हात बसलेला होता. डॉक्टरनं नाइलाजानं मात्रा ठरवून दिली. वरची साखर बंद. खाणं झालं की सुई, दोन्ही वेळ.

पण भुऱ्या सावरेना. मागचे पाय लुळे पडले, ओट्यावर उडी मारायला जायचा आणि धपकन पडायचा. नत्थूजींना ते बघवेना. एका दुपारी ते बसस्टँडजवळच्या गाडीवर गेले, ओळखीचं कोणी नाही ना ते पाहिलं, आणि दोन उकडलेली अंडी घेऊन आले. गोदामात पोत्यांच्या आड भुऱ्या अंड्यांवर असा तुटून पडला, की नत्थूजींचे डोळे भरून आले. मग ते रोजचंच झालं. घरातला दूधभात तसाच राहायचा, तोही ते गुपचूप गाईला घालायचे. डॉक्टरचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण त्याला सांगितलं की मात्रा बदलणार, आणि मात्रा बदलली की विमल विचारणार, काऊन? उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं होतं.

भुऱ्या पुन्हा ओट्यावर चढू लागला. "पाहा, माह्या सुईचा गुण!" विमलाबाई शेजारच्या आनंदाबाईंना सांगत सुटल्या. किती दिवसांनी बाई अशी हसली होती! नत्थूजी नुसते मान डोलवत राहिले.

अंडी सुरू केल्याच्या नवव्या दिवशी सकाळची सुई झाली, आणि दुपार व्हायच्या आत भुऱ्या झिंगल्यासारखा चालू लागला. थरथरला आणि आडवा झाला. ती थरथर नत्थूजींनी स्वतःच्या अंगात सोसली होती. धावत जाऊन त्यांनी साखरेचं पाणी आणलं, बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळलं.

"अहो, काय झालं याले? दुसरं काई खाल्लं काय यानं?"

"नाई," नत्थूजी म्हणाले.

ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत भुऱ्या गार पडला होता. "खाणं बदललं होतं काय?" डॉक्टरनं विचारलं. विमलाबाईंनीच उत्तर दिलं, "नाई जी. तोच दूधभात. सुई मीच भरली." नत्थूजी जमिनीकडे बघत उभे राहिले. हलकटपणा होता तो, आणि त्यांना तो कळत होता.

दुसऱ्या सकाळी ते इन्सुलिन घ्यायला बसले. विमलाबाईंनी सिरिंज डोळ्यांजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली.

"मले याच्यावरच्या रेघा नीट दिसतच नसतीन," त्या म्हणाल्या. "म्या मारलं भुऱ्याले. आता तुमाले टोचायची हिंमत नाई माही."

"अवं, तुह्या हाताची चूक नाई."

"मंग कोनाची?"

नत्थूजींनी तोंड उघडलं. बायको त्यांच्याकडे बघत होती, रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

"नशिबाची," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते आपल्या पोटात आपणच सुई खुपसू लागले. विमलाबाई तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसायच्या.