फॉर्मात नसलेली डुकरं

आमच्या दवाखान्यात आता बीपीसोबत मनाचीही तपासणी करायची असते. बोरी अरब गावचा एक म्हातारा गोळ्या न्यायला आला आणि सवयीने बाही वर सारून बसला.

"झोप लागते का, बाबाजी?" मी फॉर्म काढला.

"डुकरं तुरीत घुसतात बाई. झोपलो तं तूर कोन राखीन?"

"थकवा?"

"धावा लागते नं त्यायच्यामांगं."

"चिडचिड?"

"डुकरावरच."

फॉर्मात डुकरांना रकाना नव्हता. एवढ्यातच त्याचे गुण समुपदेशनाला पाठवण्याइतके भरले. मी तसं त्याला सांगितलं.

"मले कायले धाडता? त्यायलेच धाडा."

मी हसतच शेवटचा प्रश्न विचारला, "एकटं वाटतं का?"

त्याने बाही खाली केली, सावकाश बटण लावलं.

"बुढी गेली तवा वाटे. आता डुकरं येतात नं रोज."